घराचे वेळापत्रक आणि थोरली मुलगी

रविवारच्या पुरवण्यांतून आणि दूरचित्रवाणीच्या दुपारच्या कार्यक्रमांतून ‘नोकरी-व्यवसाय करणाऱ्या पालकांनी घर कसे सांभाळावे’ याविषयी बरेच सल्ले दिले जातात. आठवड्याच्या भाज्या एकदम निवडून ठेवाव्यात, मुलांची दप्तरे रात्रीच भरावीत, कामांचा तक्ता भिंतीवर लावावा, असे त्यांचे स्वरूप असते. हे सल्ले चुकीचे आहेत असे नाही. ज्या घरात शीतकपाट आहे, नळाला ठरल्या वेळी पाणी येते आणि कचेरीची वेळ ठरलेली आहे, त्या घरात त्यांचा थोडाफार उपयोगही होतो. परंतु सल्ला जरी ‘पालकां’ना उद्देशून असला, तरी त्यातील क्रियापदे सारी आईला लावलेली असतात. वेळ पुरत नाही हा तिच्या नियोजनातला दोष, आणि तो तिनेच थोडे अधिक पहाटे उठून दूर करावा, असा त्याचा मथितार्थ निघतो. हा सल्ला शहरातील मध्यम वर्गातून उचलून जुन्नर तालुक्यातील ओतूरसारख्या गावात नेला, म्हणजे त्यातील पोकळी स्पष्ट दिसू लागते.

ओतूर हे मांडवी नदीकाठचे मोठे बाजारगाव. कल्याणहून माळशेज घाट चढून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता गावावरून जातो. जुन्नर बाजार समितीचा येथील उपबाजार कांद्यासाठी प्रसिद्ध आहे. आसपासच्या शिवारात कांद्याबरोबर ऊस, टोमॅटो, फुले आणि भाजीपाला पिकतो. गावात माध्यमिक शाळा आहेत, महाविद्यालय आहे. अशा गावात ‘गडबडीत असलेले पालक’ म्हणजे शिक्षिका, परिचारिका आणि पतपेढीतील कारकून तर आहेतच. पण संख्येने त्यांच्याहून किती तरी अधिक आहेत त्या शेतात राबणाऱ्या स्त्रिया. काही स्वतःच्या दोन एकरांत राबतात. काही दुसऱ्याच्या रानात टोळीने जातात. त्यांत तालुक्याच्या पश्चिमेकडील आदिवासी वाड्यांतून येणाऱ्या स्त्रियाही असतात.

गावरान कांद्याची लागवड साधारण कार्तिक-मार्गशीर्षात सुरू होते आणि पौषापर्यंत चालते. काम बहुधा एकरी उक्ते दिलेले असते, म्हणजे टोळीने जितके लवकर उरकावे तितका त्यांचा दिवस पदरात पडतो. पिकअप गाडी सकाळी लवकर निघते. अंगणवाडी उघडते तेव्हा गाडी शिवारात पोचलेली असते, आणि अंगणवाडी सुटते तेव्हा निम्मे वाफे लावायचे राहिलेले असतात. याच महिन्यांत उसाचा गळीत हंगाम चालू होतो आणि बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोड कुटुंबे तालुक्यात येतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. त्या कोयत्यात मुलाची मोजदाद कोठेच नसते. पुढे फाल्गुन-चैत्रात कांदा काढणीला आला, की काढणे, कापणे, निवडणे, बराकीत भरणे अशी कामांची दुसरी लाट येते.

या दोन लाटांत धाकटी मुले असतात कोठे? काही आईबरोबर बांधावर, झोळीत, काही आजीजवळ. ‘आजी आहे की’ हे उत्तर फार सहज दिले जाते, पण हंगामात आजीसुद्धा कांदा कापायला बसलेली असते, आणि स्थलांतरित कुटुंबाची आजी शेकडो मैलांवर राहिलेली असते. उरते ती थोरली मुलगी. दहा-बारा वर्षांची ही मुलगी घरातील सगळ्यांत लवचीक साधन ठरते. पाणी उशिरा आले तर ती थांबते, धाकटा आजारी पडला तर ती थांबते, पाहुणा आला तरी तीच थांबते. शाळेच्या हजेरीपत्रकात तिच्या नावापुढे त्या महिन्यात फुल्या वाढतात. मग इयत्ता आठवीनंतर ‘अभ्यासात लक्ष नव्हते’ असे म्हणून तिचे नाव कमी होते. घर सुरळीत चालले आहे असे बाहेरून दिसते, कारण त्याची सारी ओढाताण एका मुलीच्या शिक्षणातून भरून काढलेली असते. म्हणून घर व्यवस्थित चालवण्याच्या कोणत्याही उपायाला पहिला प्रश्न हा विचारला पाहिजे, की यात कमी पडणारे तास शेवटी कोणाचे घेतले जाणार?

अर्थशास्त्राने हा प्रश्न फार काळ टाळला. गृहस्थाने आपल्या घरकाम करणाऱ्या बाईशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती पिगू या अर्थशास्त्रज्ञाने आपल्या 1920 च्या ग्रंथात दाखवली; पण हिशेबाची पद्धत बदलली नाही. आपल्या देशात राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये देशव्यापी वेळ-वापर पाहणी केली. त्या पाहणीत सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी 81.2 टक्के स्त्रिया दिवसभरात बिनमोल घरकाम करताना आढळल्या; पुरुषांत हे प्रमाण 26.1 टक्के होते. असे काम करणाऱ्या स्त्रीचे त्यात रोज सरासरी 299 मिनिटे जातात, पुरुषाची 97. सुमारे पाच तासांचा हा पाळीभर रोजगार कोणत्याही मजुरीपत्रकावर नाही. (सहा वर्षांपासूनच मोजणी करावी लागते, हीही एक बोलकी बाब आहे.)

अर्थात घराच्या चार भिंतींच्या आत करण्यासारखे काहीच नाही असे समजणे हा दुसरा टोकाचा पळपुटेपणा होईल. पुष्कळ कार्यकर्त्यांना तो सोयीचा वाटतो. व्यवस्था बदलली की घर आपोआप बदलेल असे म्हणत त्यांचे स्वतःचे ताट मात्र बायकोनेच उचललेले असते. घरात करण्याची पहिली गोष्ट साधी आहे. एका आठवड्याची सगळी कामे, चूल पेटवण्यापासून गोठा झाडण्यापर्यंत, एका कागदावर लिहावीत आणि प्रत्येकापुढे ते करणाऱ्याचे नाव लिहावे. हा कागद तयार होताच बहुतेक घरांत एकच नाव पुन्हा पुन्हा येते, आणि चर्चेची गरज उरत नाही. त्यानंतर कामे वाटताना ‘मदत’ हा शब्द टाळावा. वडील मुलांना आंघोळ घालण्यात मदत करतात असे म्हटले, की ते काम आईचेच राहते आणि वडिलांची मर्जी असेल तेव्हा ते होते. मुलांची सकाळची तयारी वडिलांची, असे ठरले तर ती लिलावाच्या दिवशीसुद्धा त्यांचीच; फार तर आदल्या रात्री कांद्याच्या गोण्या भरण्याच्या आधी त्यांनी दप्तरे आणि कपडे पाहून ठेवावेत. लिलाव, तोलाई आणि पट्टी यांत पुरुषाचा दिवस जातो ही गोष्ट खरी आहे, पण आठवड्यातील बाकीचे दिवस लिलावाचे नसतात.

दुसरी गोष्ट, संध्याकाळचा एक तास शाळेत जाणाऱ्या मुलांना, विशेषतः मुलींना, कोणतेही काम सांगायचे नाही असा नियम. या तासात घरातील मोठ्यांनी स्वयंपाक करावा, भांडी घासावीत, धाकट्याला सांभाळावे. आणखी एक क्षुल्लक वाटणारी पण उपयोगाची सवय म्हणजे शिधापत्रिका, लसीकरणाचे कार्ड, आधारपत्रे, मुलांचे दाखले हे सारे एका पिशवीत ठेवणे आणि ती कोठे आहे हे नवरा-बायको दोघांनाही ठाऊक असणे. एका कागदासाठी बुडालेला रोज हा मजुराच्या घरात खरा रोज असतो.

तथापि इथवर आले की घराची ताकद संपते. रात्री दोन वाजता वीज येणार असेल तर दारी धरायला घरातल्या कोणाला तरी दोन वाजता रानात जावेच लागते. कृषिपंपांना रात्रीच्या पाळीने वीज देण्याची पद्धत अनेक ठिकाणी अजून सुटलेली नाही, आणि जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात तिला एक भयंकर अर्थ आहे. उसात बिबट्या राहतो. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र याच तालुक्यात आहे. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड येथे बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे बळी गेले, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि दिवसा वीज ही मागणी पुन्हा पुढे आली. ज्या परिसरात मूल बांधावर झोपवणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे आहे, तेथे मूल सांभाळण्याची जागा ही चैन म्हणता येत नाही. दिवसाची वीज, वेळेवर येणारी एस.टी. आणि अंगणवाडीची वेळ या तिन्ही गोष्टी घराच्या वेळापत्रकाचा कणा आहेत, आणि तिन्ही घराबाहेर ठरतात.

मूल सांभाळण्याच्या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राला नवे नाही. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि 1957 मध्ये ते काम डहाणू तालुक्यातील कोसबाडला गेले. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीनेच त्यांच्या वस्तीच्या अंगणात जावे, या विचारातून तेथे अंगणवाडी आकाराला आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पुढे असे ध्यानात आले, की मोठी मुले शाळेत येत नाहीत याचे एक कारण त्यांच्या कडेवर बसलेले आहे. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून तिला ‘विकासवाडी’ म्हटले गेले. थोरली धाकट्याला घेऊन येईल, त्याला पाळणाघरात ठेवील आणि शेजारच्या वर्गात जाऊन बसेल, इतकी ही योजना सरळ होती. ओतूरच्या हंगामात नेमकी हीच जोडणी हवी आहे.

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर गेले. नाव गेले, पोषण आहार आणि लसीकरणही गेले. मात्र आईच्या कामाच्या तासांशी मेळ घालण्याचा भाग बाजूला पडला. रोजगार हमीने ही गोष्ट ओळखली होती. 2005 च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याने असे घालून दिले होते, की कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले आली तर एका मजूर स्त्रीला त्यांना सांभाळण्यासाठी नेमावे आणि तिला बाकीच्यांइतकीच मजुरी द्यावी. प्रत्यक्षात ही तरतूद अनेक ठिकाणी कागदावरच राहिली. तिच्यातील तत्त्व मात्र खाजगी शेतावरही लागू करता येते. वीस स्त्रियांच्या टोळीने एकीला मुलांपाशी ठेवले आणि तिचा रोज एकरी दरात धरला, तर प्रत्येक एकरामागे पडणारा बोजा खताच्या पोत्याच्या मानाने किरकोळ असतो. मुकादमाशी आणि शेतकऱ्याशी दर ठरवताना ही बाब बोलण्यात आणणे, हे शेतमजुरांत काम करणाऱ्या कार्यकर्त्याचे काम आहे. लहान शेतकरी नाक मुरडेल; त्याला कांद्याचा भाव मिळत नाही ही त्याची तक्रार रास्तही आहे. परंतु भाव पडल्याची झळ वाफ्यातल्या बाईच्या मुलाने का सोसावी, याचे उत्तर त्या तक्रारीत नाही.

कायमची सोय गावाची व्हायला हवी. केंद्राच्या ‘मिशन शक्ती’मध्ये 2022 पासून ‘पाळणा’ योजना आहे आणि तीत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावयाची असते. ही रक्कम शिलाई यंत्रे, हळदीकुंकवाचे कार्यक्रम आणि प्रमुख पाहुण्यांचे सत्कार यांत कशी विरघळते, हे गावोगावच्या सदस्यांना ठाऊक आहे. लागवडीचे आणि काढणीचे मिळून चार-पाच महिने दोन स्त्रियांना योग्य मजुरी देऊन सकाळी सातपासून सायंकाळी सहापर्यंत पाळणाघर चालवणे हा त्या रकमेचा अधिक प्रामाणिक उपयोग ठरेल. जागेचा प्रश्न फारसा नाही. श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराच्या यात्रेला लोटणाऱ्या गर्दीची व्यवस्था करणाऱ्या गावाला वीस-पंचवीस मुलांसाठी एक सावलीची, कुंपणाची जागा सापडत नाही, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. अंगणवाडीची वेळ वाढवा अशी मागणी करणे सोपे असते, आणि ती मान्य झाली तर वाढीव तास सेविका आणि मदतनीस यांच्या माथी मारले जातात. त्या ‘मानधना’वर काम करतात, डिसेंबर 2023 मध्ये राज्यभर त्यांना दीर्घ संपावर जावे लागले, आणि उपदान मिळण्याच्या त्यांच्या हक्काला एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची गरज पडली. एका बाईचे तास मोकळे करण्यासाठी दुसरीचे तास फुकट घेतले, तर थोरल्या मुलीच्या जागी सेविका येईल एवढेच. मागणी करताना वाढीव तासांची मजुरी आणि स्वतंत्र पाळणासेविका या दोन्ही बाबी तिच्यात लिहिलेल्या असल्या पाहिजेत.

ओतूर, उदापूर, डिंगोरे या पट्ट्यातील कार्यकर्त्यांना वेळेचा हिशेबही धरावा लागेल. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे. ती बहुतेक ठिकाणी सह्यांपुरती होते. ती खरोखर भरवावी, आणि टोळीतल्या स्त्रियांना येता यावे म्हणून संध्याकाळी भरवावी. पाळणाघराचा ठराव तेथे मांडून ग्रामसभेपुढे न्यावा. 1 मे ची ग्रामसभा येते तेव्हा बहुतेक कांदा बराकीत गेलेला असतो आणि 26 जानेवारीला रोपे वाफ्यांत लागून चुकलेली असतात. लागवडीपूर्वी खर्चाची तरतूद आणि दोन स्त्रियांची नेमणूक व्हायची असेल, तर ठरावाला 15 ऑगस्टची सभा गाठली पाहिजे. 2 ऑक्टोबरला त्याची अंमलबजावणी कोठवर आली, हे विचारता येईल.