लस हवीच, पण रानातली माकडं पकडून नको

माझी सगळी नोकरी हिवतापाच्या कामात, गडचिरोलीतल्या धानोरा-एटापल्लीकडच्या गावांत झाली. तापाने फणफणलेल्या माणसाच्या बोटाला सुई टोचायची, काचपट्टीवर रक्त घ्यायचं, आणि अहवालात ‘पीएफ’, म्हणजे फॅल्सिपेरम हा हिवतापाचा घातक परजीवी, आला की गोळ्या घेऊन पुन्हा त्याच पाड्यावर धावायचं. फॅल्सिपेरम मेंदूत उतरला की काय होतं, ते मी पाहिलंय. तेव्हा लशीची गरज मला कुणी समजावायला नको. तरीही ॲमेझॉनच्या जंगलातल्या घुबडमाकडांची बाजू मला मांडायची आहे, कारण याच परजीवीवरच्या प्रयोगांसाठी त्यांना झाडावरून उतरवलं गेलं.

आपल्या पश्चिम घाटातली लाजवंती (लोरिस) रात्री हिंडते, पण ती माकड नव्हे. माकडांमध्ये रात्र आपलीशी केली ती फक्त ‘एओटस’ प्रजातीने, म्हणजे या घुबडमाकडांनी. पनामापासून उत्तर अर्जेंटिनापर्यंत त्यांचा वावर. वजन जेमतेम किलोभर, डोळे मात्र केवढे तरी मोठे. यांचे पूर्वज दिवसाचे. म्हणून मांजराच्या डोळ्यांत चमकणारा तो परावर्तक पडदा यांच्याकडे नाही; रंगही जवळजवळ दिसत नाहीत. चांदणं असलं की रात्रभर फळं, फुलं, किडे शोधत फिरायचं आणि दिवसा झाडाच्या ढोलीत किंवा वेलींच्या जाळीत सगळ्यांनी एकमेकांना बिलगून झोपायचं. अर्जेंटिनातली जात तर अमावास्येच्या रात्री पोट भरलं नाही, तर ती कसर दिवसा भरून काढते.

त्यांच्या कुटुंबात नर-मादीची एकच जोडी, आणि वर्षाला बहुधा एकच पिल्लू. पहिल्या आठवड्यानंतर ते बहुतेक वेळ बापाच्या पाठीवर असतं. आईकडे जायचं ते दूध प्यायला. तिथून परत बापाकडे. अर्जेंटिनातल्या फॉर्मोसा प्रांतात 1996पासून एदुआर्दो फर्नांदेझ-दुके यांचा गट ही माकडं पाहतो आहे. तिथे तपासलेल्या पिल्लांच्या डीएनएवरून दिसलं, की सांभाळणारा नरच खरा बाप होता. बाहेरच्या माकडाने जोडी फोडली, तर त्यांना पिल्लंही कमी होतात.

1960च्या दशकात कळलं, की माणसाचा फॅल्सिपेरम यांच्या रक्तात वाढतो. तेव्हापासून प्रयोगशाळांची मागणी सुरू झाली. कोलंबियात मानुएल पातारोयो यांनी ‘एसपीएफ-66’ ही लस याच माकडांवर तपासली. पुढे गांबिया आणि थायलंडमधल्या मुलांना तिने संरक्षण दिलं नाही. पण लेतिसिया शहराच्या आसपास, कोलंबिया, ब्राझील आणि पेरूच्या सीमा भिडतात तिथे, माकडं पकडणं चालूच राहिलं. पकडणारे झोपेच्या झाडाभोवतीची झाडं तोडत, म्हणजे पळायला फांदी उरत नसे, आणि मग जाळी लावत. आख्खं कुटुंब एकदम हाती लागायचं. या व्यापाराचे पुरावे संवर्धक आंखेला माल्दोनादो यांनी वर्षानुवर्षं गोळा केले. 2013 साली कोलंबियाच्या वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयाने पकडण्याचे परवाने रद्द केले. पकडणाऱ्या गरीब आदिवासींना मी दोष देत नाही. दोष मागणी करणाऱ्यांचा.

माकडांशिवायचे मार्गही आहेत. 1976 साली ट्रेगर आणि जेन्सन या संशोधकांनी फॅल्सिपेरम माणसाच्या रक्तपेशींत, काचेच्या भांड्यात वाढवून दाखवला. आज ऑक्सफर्डची आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘आर-21’ लस आफ्रिकेतल्या मुलांना मिळते आहे. तिच्या चाचण्यांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली डासांकडून स्वतःला चावून घेणारे स्वयंसेवक होते. त्यांना धोका सांगितला होता आणि त्यांनी होकार दिला होता. माकडाला ते विचारता येत नाही.

एखाद्या प्रयोगाला माकडाशिवाय खरोखरच पर्याय नसेल, तर ते बंदिस्त पैदाशीतलं असावं, आणि त्याची गरज संशोधकाने आधी जाहीरपणे सिद्ध करावी. रानातून एकही घुबडमाकड उचलण्याची परवानगी कुठल्याच देशाने देऊ नये.