काटकपणा गृहीत धरू नका, मोजा!



आश्विनातल्या उन्हाचा चटका बसू लागला की आपण डोक्यावर रुमाल घेतो, नाहीतर झाडाखाली जाऊन उभे राहतो. शेतातल्या भाताला मात्र जागचे हलता येत नाही. ज्या उन्हावर त्याचे पोट भरते, त्याच उन्हातील जंबुपार म्हणजेच अतिनील किरण त्याच्या पेशींना इजा करतात.

यांपैकी २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण बहुतांशी ओझोनच्या थरात शोषले जातात. जे थोडे जमिनीपर्यंत पोचतात, तेही पेशीला जड जातात. डीएनएच्या साखळीतील शेजारशेजारचे दोन थायमिन घटक ते एकमेकांना चिकटवून टाकतात. मग तेथे डीएनएची नक्कल अडते आणि रोपाची वाढ खुंटू लागते.

वनस्पतीपाशी यावर दोन प्रमुख उपाय आहेत. पहिला, किरण अडवण्याचा. पेशीतील यूव्हीआर-८ या प्रथिनाचे रेणू जोडीने असतात. अतिनील किरण पडताच ही जोडी फुटते आणि तोच धोक्याचा इशारा ठरतो. मग पानाच्या अपित्वचेत फ्लॅव्होनॉइड द्रव्ये साठू लागतात. ती अतिनील किरण शोषून घेतात, पण प्रकाशसंश्लेषणाला लागणारा प्रकाश आत जाऊ देतात.

दुसरा उपाय दुरुस्तीचा. फोटोलायेज नावाचे विकर चिकटलेले थायमिन सोडवते आणि या कामाला लागणारी ऊर्जा ते निळ्या प्रकाशातून घेते. जखम उन्हाची आणि औषधही उन्हाचेच!

हा दुरुस्तीवाला सगळ्या वाणांत सारखाच कुशल असतो का? जपानमधील तोहोकू विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी भाताचे दोन जवळचे वाण तपासले. जादा अतिनील किरणांत सासानिशिकी टिकून राहिला, नोरिन-१ खुरटला. फरक होता फोटोलायेजमधील एका अमिनो आम्लाचा! १२६ व्या जागी सासानिशिकीत ग्लुटामिन आहे, तर नोरिन-१ मध्ये आर्जिनिन. एवढ्याने दुरुस्ती मंदावली. नोरिन-१ काही टाकाऊ वाण नव्हे. कोशिहिकारी या अतिशय लोकप्रिय जपानी भाताचा तो एक जनक आहे. पण वरून पाहून त्याचे हे उणेपण कोणाला कळले असते?

तुम्ही म्हणाल, कडक उन्हातले वाण तरी काटक असतीलच. तसेही नाही. सुरजमुखी नावाचा एक इंडिका वाण नोरिन-१ पेक्षाही नाजूक निघाला. त्याच्या फोटोलायेजमध्ये १२६ व्या जागेखेरीज २९६ व्या जागीही बदल आढळला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

कोणी म्हणेल, १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोनचा थर हळूहळू सावरत आहे, मग ही चिंता कशाला? तो करार मोलाचा आहेच. परंतु ओझोन शाबूत असला तरी भाताच्या डीएनएला रोज इजा होते आणि रोज ती दुरुस्त करावी लागते. त्यातून उष्ण कटिबंधात सूर्य माथ्यावर येतो व तेथे अतिनील किरणांचा मारा अधिक असतो.

म्हणून माझे मत असे की, वाण निवडताना दाण्याचे वजन आणि भाताची चव यांबरोबर त्याची सोसण्याची ताकदही मोजली गेली पाहिजे. जुने ते काटकच, हा जसा भ्रम आहे, तसाच सुधारित ते सरसच, हाही आहे. अशी तपासणी व्हायची तर अनेक वाण जिवंत राखले पाहिजेत, कारण हरवलेल्या बियाण्याची परीक्षा घेता येत नाही.

गुरुजनांनाही एक विनंती. शाळेच्या आवारात एकाच वाफ्यात भाताच्या दोन वाणांची रोपे लावा. माती, पाणी, ऊन सारखे ठेवा. मुलांना दर आठवड्याला उंची मोजून वहीत लिहू द्या. अतिनील किरणांचा परिणाम त्यातून कळणार नाही. पण दिसायला सारखी असलेली दोन रोपे सारखी वाढतात की नाही, हे मुले अंदाजाने न सांगता मोजून सांगतील. विज्ञानाची सुरुवात तेथेच होते.