कुंपण शेत खाते तेव्हा

सरकारला 'मायबाप' म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. इतरांच्या तोंडी तो शब्द आर्जवाचा असेल, उपरोधाचाही असेल. परंतु जिला घर उरलेले नाही आणि जिला बालकल्याण समितीच्या हुकमाने बालिकागृहात आणून ठेवलेले आहे, त्या मुलीच्या बाबतीत तो शब्दशः खरा आहे. तिच्या अन्नवस्त्राचा आणि रक्षणाचा भार सरकारने आपल्या शिरावर घेतलेला असतो. म्हणून अशा घरात तिच्यावर अत्याचार झाला, तर तो चार नराधमांचा अपराध एवढ्यावर थांबत नाही. तो पालकाने केलेला विश्वासघात ठरतो, आणि ज्यांच्या करातून ते घर चालते त्या आपणा सर्वांना त्याचा जाब द्यावा लागतो.

बिहारमधील मुजफ्फरपूर येथील बालिकागृहाचे प्रकरण २०१८ साली उजेडात आले, तेव्हा सारा देश हादरला होता. सरकारी अनुदानावर एक स्वयंसेवी संस्था ते गृह चालवीत होती. वैद्यकीय तपासणीत चौतीस मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे निष्पन्न झाले. त्यांची वये सात ते सतरा वर्षांच्या दरम्यान होती. ता. ३१ मे २०१८ रोजी गुन्हा नोंदला गेला, ऑगस्टमध्ये राज्याच्या समाजकल्याणमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने हा खटला बिहारबाहेर दिल्लीत चालविण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२० मध्ये तेथील न्यायालयाने एकोणीस जणांना दोषी ठरविले. संस्थेच्या चालकाला उरलेल्या सर्व आयुष्यासाठी कारावासाची शिक्षा झाली. न्यायाचे चक्र फिरले, वर्तमानपत्रांचे मथळे बदलले आणि लोक ते प्रकरण विसरले. आम्हांस मात्र ते विसरण्याजोगे वाटत नाही. कारण त्यात जे उघड झाले त्याहून ते कसे उघड झाले, आणि त्याआधी कसे उघड झाले नाही, हेच अधिक विचार करावयास लावणारे आहे.

हे पाप कोणा गुप्तहेराने वेषांतर करून शोधून काढलेले नाही. आमच्या मुंबईतील टाटा समाजविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांच्या एका पथकाकडे बिहार सरकारनेच राज्यातील निवासी संस्थांच्या सामाजिक लेखापरीक्षणाचे काम सोपविले होते. शंभरांहून अधिक संस्था या पथकाने पाहिल्या. त्यांनी नोंदवह्या पाहिल्याच, पण त्याबरोबर तेथे राहणाऱ्यांशी बोलणेही केले. एवढी साधी गोष्ट! चालकाच्या कचेरीत बसून चहा घेणारा तपासनीस आणि मुलींच्या शेजारी जमिनीवर बसून त्यांचे ऐकणारा अभ्यासक यांच्यात जे अंतर आहे, तेच या प्रकरणाचे सार आहे. पथकाच्या अहवालात मुजफ्फरपूरविषयीचा मजकूर थोडाच होता. परंतु त्या थोड्या मजकुरात सारे होते. तो वाचला गेला, मुलींच्या वैद्यकीय तपासण्या झाल्या, पत्रकारांनी पाठपुरावा केला, आणि आतापर्यंत बंद असलेले दार उघडले.

येथे वाचक विचारील की, त्यापूर्वी त्या घराची तपासणी होतच नव्हती काय? कायद्याची उणीव होती असे कोणी म्हणू नये. २०१५ चा बालन्याय कायदा सांगतो की, मुलांच्या प्रत्येक निवासी संस्थेला तपासणी समितीने दर तीन महिन्यांतून निदान एकदा भेट दिलीच पाहिजे. त्या समितीत किमान तीन सभासद असावेत, त्यांत एक स्त्री असावी आणि एक वैद्यकीय अधिकारी असावा. लैंगिक अत्याचारांपासून मुलांचे रक्षण करणारा २०१२ चा कायदा तर अपराधाची माहिती असून ती न कळविणाऱ्यालाही शिक्षा सांगतो. मग हे सारे रक्षक होते कोठे? निकालपत्राचे उत्तर मती गुंग करणारे आहे. दोषी ठरलेल्यांत बालकल्याण समितीचा माजी अध्यक्ष होता, त्याच समितीचा एक सभासद होता आणि जिल्हा बालसंरक्षण अधिकारीही होता. ज्यांनी मुलींचे ऐकावयाचे, त्यांच्याविरुद्धच मुलींना साक्ष द्यावी लागली. कुंपणाने शेत खाणे ही म्हण आपण नित्य वापरतो. तिचा एवढा भयंकर अर्थ क्वचितच कोणी पाहिला असेल.

परंतु केवळ सरकारी अधिकाऱ्यांना दोष देऊन आम्हां पत्रकारांना आपले हात झटकता येणार नाहीत. या बालिकागृहाचा चालक स्वतः एका दैनिकाचा मालक होता. त्याच्या पत्राला सरकारी जाहिराती मिळत, आणि सत्तेच्या दालनांत त्याची ऊठबस होती. लोकांच्या वतीने अधिकाऱ्याला जाब विचारण्याचे जे साधन, तेच त्याच्या हाती अधिकाऱ्याला जवळ करण्याचे साधन झाले. ज्याच्या दारावर वर्तमानपत्राची पाटी आहे, त्याच्या घरात डोकावण्यास इतर वार्ताहर कचरले असतील काय? आपल्यापैकीच एकाविरुद्ध लिहावयाचे कसे, असा संकोच कोणाला पडला असेल काय? हा प्रश्न मुजफ्फरपूरच्या पत्रकारांनाच नव्हे, तर प्रत्येक शहरातील प्रत्येक संपादकाला विचारला गेला पाहिजे, आणि आम्ही तो स्वतःलाही विचारीत आहोत. व्यवसायबंधुत्वाची मर्यादा मुलांच्या दाराशी संपलीच पाहिजे.

प्रकरण उघड झाल्यावर वृत्तपत्रांची दुसरी परीक्षा सुरू झाली. ता. २३ ऑगस्ट २०१८ रोजी पाटणा उच्च न्यायालयाने तपासाविषयीच्या बातम्या छापण्यास बंदी केली. पत्रकार निवेदिता झा यांनी तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले, आणि सप्टेंबरमध्ये ती सरसकट बंदी उठली. मात्र बंदी उठवितानाच न्यायालयाने बजावले की, या घटनांना सनसनाटी रूप देऊ नये आणि पीडित मुलींच्या मुलाखती घेऊ नयेत. त्यापूर्वीच मुलींची छायाचित्रे, चेहरे धूसर करूनही, दाखवू नयेत असे त्या न्यायालयाने सांगितले होते. आमच्या मते या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरोधी नाहीत. बातमी दाबल्याने अपराधी सुखावतो, आणि बातमी चघळल्याने त्या मुलीला पुन्हा त्याच यातनांतून जावे लागते. जिचे नाव उघड करण्यास कायद्याने मनाई आहे, तिचे गाव, तिची जात, तिच्या अंगावरचे व्रण यांची वर्णने छापून ती मनाई पाळल्याचा आव आणणे ही शुद्ध फसवणूक होय.

संयम हवा तो सत्यासाठीही. त्या काळात बालिकागृहात मुलींचे खून झाल्याच्या वार्ता सर्वत्र पसरल्या होत्या, आणि प्रेतासाठी आवारात खोदकामही झाले. जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने सर्वोच्च न्यायालयाला सांगितले की, खुनाचा पुरावा मिळालेला नाही. ज्या मुली मारल्या गेल्याचा संशय होता त्या जिवंत आढळल्या. म्हणून उरलेले पाप तिळभरही कमी होत नाही. परंतु जे सिद्ध करता येते तेच एवढे भीषण असताना, जे सिद्ध करता येत नाही त्याची भर घालणाऱ्याने आरोपीच्या वकिलालाच हत्यार दिले असते, हे शोधपत्रकारितेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

हे सर्व दूरच्या बिहारात घडले, आपल्या पुरोगामी महाराष्ट्रात नव्हे, असे समाधान कोणी मानू नये. २०१० साली ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातील कवडास येथील मतिमंद मुलांच्या वसतिगृहाची दुर्दशा वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर इतर संस्थांची पाहणी सुरू झाली, तेव्हा पनवेलजवळच्या एका संस्थेतील मुलींवरील अत्याचारांना वाचा फुटली, आणि २०१३ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने तेथील चालकासह अनेकांना दोषी ठरविले. ज्यांना आपले दुःख शब्दांत सांगताही येत नव्हते अशी ती लेकरे होती. येथेही क्रम तोच होता: आधी बातमी, मग न्यायालय, आणि सर्वांत शेवटी ज्यांचे ते कामच होते ते अधिकारी.

हा क्रम उलटा करावयाचा असेल तर उपाय फार अवघड नाही. बालगृहांच्या तपासणीचे अहवाल आज कचेरीच्या दप्तरात जाऊन पडतात. मुलांची ओळख पटेल असा मजकूर वगळून ते अहवाल ठराविक मुदतीत प्रसिद्ध झाले पाहिजेत, म्हणजे कोणती समिती गेली, केव्हा गेली आणि मुलांशी एकांतात बोलली की नाही, हे जनतेला कळेल. सामाजिक लेखापरीक्षण बाहेरच्या संस्थेकडून नियमितपणे व्हावे, आणि तिची नेमणूक व मेहनताना ज्याची तपासणी व्हावयाची त्याच्या हाती नसावा. बिहारमधील सतरा आश्रयगृहांविषयी त्या एका अहवालाने गंभीर चिंता व्यक्त केली होती, आणि त्या सर्वांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे देण्याचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर २०१८ मध्ये द्यावा लागला. एका राज्यात एकदा नीट पाहिले तर एवढे दिसले. इतर राज्यांनी तितक्याच नीटपणे पाहिले आहे काय?

आणि वृत्तपत्रांनी? मोर्चा निघाला की छायाचित्रकार धावतो, निकाल लागला की मथळा सजतो. परंतु मोर्चापूर्वीची जी दीर्घ शांतता असते, त्या शांततेत आपल्या शहरातील बालगृहाचे दार ठोठावणारा वार्ताहर किती संपादकांनी नेमला आहे? त्या मुलींना मत नाही, पैसा नाही, आणि अंकाची एक प्रत विकत घेण्याचीही ऐपत नाही. तरीही वृत्तपत्राचे सर्वांत मोठे देणे त्यांचेच लागते. जी बोलू शकत नाही तिच्यापर्यंत चालत जाऊन तिचे ऐकणे, ही काही आमची मेहेरबानी नव्हे. ते आमचे कामच आहे, आणि त्यात कसूर झाली तर कुंपणाकडे बोट दाखविण्याचा अधिकार आम्हांलाही राहणार नाही.