पीएच.डी.नंतरच्या दोन वर्षांचं काय?

जून-जुलै उजाडला की आपल्याकडे सत्कारांचा हंगाम सुरू होतो. शादीखान्यात, उर्दू शाळेच्या पटांगणात, एखाद्या ट्रस्टच्या हॉलमध्ये स्टेज लागतं. दहावी-बारावीला नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलेली मुलं-मुली, नीटमध्ये चांगला नंबर काढलेले, एखादा एमपीएससी उत्तीर्ण. शाल, ट्रॉफी, पाकीट आणि 'कौम का नाम रोशन किया' असं एक भाषण. यात गैर काही नाही. पण त्या स्टेजवर पीएच.डी. झालेला तरुण क्वचित दिसतो. आणि पीएच.डी.नंतर आता काय करणार, असं त्याला आपुलकीने विचारणारा तर दिसतच नाही. विचारलंच तर, "अजून किती शिकणार?" मुलगी असेल तर, "लग्नाचं काय?"

आपण समाज म्हणून शिक्षणाची शिडी पदवीपर्यंतच पाहतो. विज्ञानात मात्र खरा वरचा मजला पीएच.डी.नंतर सुरू होतो. त्याला पोस्ट-डॉक्टरल संशोधन, बोलीभाषेत 'पोस्टडॉक' म्हणतात. पीएच.डी. झालेला संशोधक दुसऱ्या प्रयोगशाळेत दोन-तीन वर्षं काम करतो, नवं तंत्र शिकतो, स्वतःचा प्रश्न घेऊन उभा राहतो. आयसर, टीआयएफआर, आयआयएससी अशा संस्थांत प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्याकडे हा अनुभव असणं आता गृहीतच धरलं जातं. म्हणजे जो या टप्प्यावर गळाला, तो प्रयोगशाळेचा प्रमुख होण्याच्या रांगेतूनच बाहेर पडला.

हे मी मेंदूविज्ञान आणि ब्रेन इमेजिंगच्या संदर्भात मांडतो आहे. त्याला कारण आहे.

मेंदू पाहण्याचं शास्त्र

१९९० साली सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये काम करताना दाखवलं की, रक्तात ऑक्सिजन किती आहे यानुसार एमआरआयचा संकेत बदलतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ताजं रक्त जास्त जातं. त्यामुळे कवटी न उघडता, सुई न टोचता, माणूस वाचत असताना किंवा आठवत असताना मेंदूत कुठे हालचाल आहे याचा अंदाज येऊ लागला. हेच फंक्शनल एमआरआय. रक्ताचा हा प्रतिसाद पाचेक सेकंद उशिरा येतो, म्हणून वेगाचं काम ईईजी आणि एमईजी करतात. ईईजी डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतले विद्युतसंकेत टिपतं, एमईजी त्यातून निर्माण होणारं अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र.

या क्षेत्राचं वैशिष्ट्य असं की इथे फक्त डॉक्टर लागत नाहीत. भौतिकशास्त्रवाला लागतो, कॉम्प्युटर इंजिनिअर लागतो, संख्याशास्त्र आणि मानसशास्त्र शिकलेले लागतात, भाषाशास्त्राचा अभ्यासक लागतो. नीटमध्ये दोन मार्कांनी हुकलं म्हणून बी.एस्सी. फिजिक्सला गेलेली मुलगी ब्रेन इमेजिंगमध्ये जाऊ शकते. आपल्या घरांत 'मेडिकल हुकलं म्हणजे सगळं संपलं' असं जे वातावरण असतं, त्याला याहून चांगलं उत्तर नाही.

प्रश्न आपले, विचारणार कोण?

लखनौजवळच्या दोन गावांमध्ये काही वर्षांपूर्वी एक प्रयोग झाला. निरक्षर प्रौढांना, त्यातल्या बहुतेक तिशीतल्या स्त्रिया, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं गेलं. शिकण्याआधी आणि शिकल्यानंतर लखनौच्या सेंटर ऑफ बायोमेडिकल रिसर्चमध्ये त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग झालं. जर्मनी आणि नेदरलँडमधल्या माक्स प्लांक संस्था व हैदराबाद विद्यापीठ यात सहभागी होते. २०१७ मध्ये 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाचायला शिकल्याने मेंदूच्या बाहेरच्या थरातच नव्हे, तर थॅलॅमस आणि मेंदूच्या देठापर्यंतच्या जुन्या रचनांमधल्या संपर्कातही बदल दिसला. म्हणजे तिशी ओलांडलेल्या, कधी पाटी न धरलेल्या बाईचा मेंदूही सहा महिन्यांत नवी वाट पाडतो. प्रौढ साक्षरतेच्या बाजूने याहून मोठा पुरावा काय असेल?

आता हा प्रश्न आपल्या घरात आणून पाहा. मालेगाव, भिवंडी, औरंगाबादमधलं मूल घरी दखनी बोलतं, शाळेत उर्दू उजवीकडून डावीकडे वाचतं, मराठी आणि इंग्रजी डावीकडून उजवीकडे, आणि मकतबमध्ये अर्थ न कळता अरबी वाचायला शिकतं. पाच भाषा, तीन लिपी आणि दोन दिशा सांभाळणारा हा मेंदू कसा घडतो? त्याला वाचनात अडचण आली तर ती कोणत्या लिपीत आधी ओळखू येईल? पाठांतराने हिफ्झ केलेल्या मुलाच्या स्मरणशक्तीत काय वेगळं असतं? हे प्रश्न बॉस्टनमधल्या संशोधकाला सहजी सुचणार नाहीत. ज्याने ती शाळा पाहिली आहे त्यालाच सुचतील.

मानसशास्त्रातल्या आघाडीच्या नियतकालिकांबद्दल २०१० साली एक आकडा गाजला होता. त्यांतल्या अभ्यासांत भाग घेणारे ९६ टक्के लोक अशा पाश्चात्त्य, औद्योगिक देशांतले होते, जिथे जगाची केवळ १२ टक्के लोकसंख्या राहते. म्हणजे 'माणसाचं मन' म्हणून जे शिकवलं जातं, ते मुख्यतः तिकडच्यांचं मन. हे बदलण्याचा एक चांगला प्रयत्न कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यात, श्रीनिवासपुरात चालू आहे. बंगळुरूच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चने तिथल्या ४५ वर्षांवरील १० हजार ग्रामस्थांच्या मेंदूच्या आरोग्याचा वर्षानुवर्षं मागोवा घेण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे.

आणखी एक गोष्ट. ईईजी करायचं तर डोक्यावरचा स्कार्फ काढावा लागतो, केसांत जेल लावून घ्यावं लागतं. एमआरआयच्या खोलीत ओढणीची पिनसुद्धा चालत नाही. मोहल्ल्यातली बाई हे अनोळखी पुरुषासमोर करणार नाही. ती नकार देईल आणि आकडेवारीतून गायब होईल. समोर तिची भाषा बोलणारी बाईच संशोधक असेल तर चित्र बदलू शकतं. म्हणून मुस्लिम मुलींनी या क्षेत्रात यावं, हे मी समाजाच्या प्रतिष्ठेसाठी म्हणत नाही. विज्ञानच त्यांच्याशिवाय अपुरं राहतं.

गळती कुठे होते?

सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवलं होतं की, नामवंत महाविद्यालयांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांमागे एक आणि पदव्युत्तरच्या ५० मागे एक मुस्लिम असतो. २०२०-२१ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात एकूण प्रवेशांत मुस्लिमांचं प्रमाण ४.६ टक्के होतं. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्येत ते १४.२ टक्के आहे. या आटलेल्या झऱ्यातून पीएच.डी.पर्यंत पोहोचणाऱ्यांना मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपचा आधार होता. मुस्लिम, बौद्ध, ख्रिश्चन, शीख, जैन, पारशी अशा सहाही अल्पसंख्याक समूहांसाठी ती होती. इतर योजनांशी सरमिसळ होते, असं कारण देत केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये ती बंद केली.

त्यावर निदर्शनं झाली, लेख आले, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण ती फेलोशिप चालू असतानाही पीएच.डी.नंतरच्या टप्प्यासाठी आपल्याकडे काही नव्हतं. प्रबंध जमा केल्यावर फेलोशिप थांबते. पोस्टडॉकची जागा मिळायला सहा महिने ते वर्ष लागतं. या काळात घर चालवायला ज्याच्या मागे वडिलांचा पगार आहे तो थांबतो. ज्याच्या घरी पॉवरलूम किंवा भाजीची गाडी आहे, तो कोचिंग क्लासमध्ये शिकवायला लागतो. दोन वर्षांनी त्याच्या बायोडाटात संशोधनाची खिंड पडलेली असते आणि मग ती बुजत नाही. गुणवत्तेचा प्रश्न तोवर कधीच मागे पडलेला असतो. जो थांबू शकला तो पुढे गेला, एवढंच घडतं.

संधी आहेत

देशात बंगळुरूची निम्हान्स आणि आयआयएससी, मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, लखनौचं सीबीएमआर, अलाहाबाद विद्यापीठाचं वर्तन व बोधविज्ञान केंद्र, मुंबईत टीआयएफआर, पुण्यात आयसर. मानेसरचं केंद्र २००३ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी राष्ट्राला अर्पण केलं होतं. केंद्र सरकारची राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप आहे, जैवतंत्रज्ञान विभागाची रिसर्च असोसिएटशिप आहे, स्त्रियांसाठी 'वाइज' योजना आहे. राष्ट्रीय फेलोशिपच्या ३५ वर्षांच्या वयोमर्यादेत स्त्रिया आणि ओबीसींना पाच वर्षांची सवलत मिळत आली आहे. मुस्लिमांतल्या अनेक जाती ओबीसीत आहेत, पण दाखला काढायचा राहून जातो. तो वेळेवर काढा. भारत सरकार आणि ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टने २००८ पासून चालवलेली इंडिया अलायन्स ही मोठी फेलोशिप. २०१३ ते २०२० या काळात तिची धुरा अलीगढच्या मातीतले विषाणुशास्त्रज्ञ डॉ. शाहिद जमील यांच्याकडे होती, हेही मुलांना सांगायला हवं.

परदेशात युरोपीय संघाची मारी क्युरी फेलोशिप कोणत्याही देशाच्या नागरिकाला खुली आहे; जर्मनीची हुम्बोल्ट आणि ब्रिटनची न्यूटन फेलोशिपही आहे. अमेरिकेत सध्या निधीची कपात आणि व्हिसाची अनिश्चितता आहे, म्हणून एकाच देशावर डोळा ठेवू नये.

मात्र यादी वाचून जागा मिळत नाही. या फेलोशिप बहुधा एखाद्या प्रयोगशाळेच्या प्रमुखासोबत मिळून अर्ज केल्यावरच मिळतात, आणि त्याच्यापर्यंत पोहोचायचं असतं एका ईमेलने. 'रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम हार्डवर्किंग' असं पत्र शंभर जणांना पाठवलं तर शंभर ठिकाणी ते न वाचताच पुसलं जातं. त्याऐवजी दहाच प्रयोगशाळा निवडा. प्रत्येकीचे दोन शोधनिबंध वाचा. तुमचं काम त्यांच्या कोणत्या प्रश्नाला पुढे नेईल, हे चार ओळींत लिहा. सोबत बायोडाटा आणि शिफारस देऊ शकणाऱ्या तिघांची नावं. हे सगळं प्रबंध जमा करण्याच्या वर्षभर आधी. चांगल्या विद्यापीठातल्या मुलाला हे त्याचे सीनिअर कॅन्टीनमध्ये सांगतात. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकलेल्याला ते कुणीच सांगत नाही.

आपल्या विद्यापीठात स्कॅनर नाही ही सबबही आता अर्धीच खरी आहे. ह्यूमन कनेक्टोमसारख्या प्रकल्पाने हजाराहून अधिक तरुणांच्या मेंदूचा डेटा संशोधकांसाठी खुला केला आहे. ओपनन्यूरोवर शेकडो अभ्यासांचा डेटा मोफत मिळतो. एफएसएल, फ्रीसर्फर, एफएमआरआयप्रेप ही सॉफ्टवेअरं शिकायला पैसे लागत नाहीत. २०२० पासून चालणाऱ्या न्यूरोमॅच अकॅडमीची ऑनलाइन उन्हाळी शाळा देशानुसार फी कमी करते, माफही करते. एक बरा लॅपटॉप, पायथन आणि संख्याशास्त्राचा पक्का पाया एवढ्यावर दाखवण्याजोगं काम उभं राहतं.

मग समाजाने काय करावं?

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक जिल्ह्यात एका शैक्षणिक ट्रस्टने पन्नास सत्कारांचा खर्च वाचवून दरवर्षी दोनच संशोधकांना प्रबंधानंतरचं एक वर्ष सांभाळावं. महिन्याचा खर्च आणि निवड झाल्यावर व्हिसा-तिकिटासाठी बिनव्याजी कर्ज. ब्रिटनला जायचं तर आरोग्य अधिभारच वर्षाला १,०३५ पौंड, तोही सगळ्या वर्षांचा आगाऊ. दोन वर्षांचे दोन लाख रुपयांहून जास्त होतात. निवड होऊनही एवढ्या रकमेसाठी कुणाचं पाऊल अडत असेल, तर तो दोष विज्ञानाचा नाही.

दुसरं, परदेशात आणि आयआयटी-आयसरमध्ये असलेल्या आपल्या संशोधकांनी महिन्यातला एक तास द्यावा. कुणाचा अर्ज वाचावा, कुणाची सराव-मुलाखत घ्यावी. यात पैसा लागत नाही.

तिसरं, सरकारकडे मागणी. राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' ही संशोधन व प्रशिक्षण संस्था मंजूर केली. बार्टी, सारथी, महाज्योती पीएच.डी.साठी फेलोशिप देतात. मार्टीकडूनही त्याच धर्तीची अपेक्षा आहे. पण मागायचंच तर पुढचं मागू. पीएच.डी.नंतरच्या दोन वर्षांची फेलोशिप आणि मौलाना आझाद फेलोशिप पुन्हा सुरू करावी असा राज्याचा केंद्राकडे आग्रह. यात कुणाच्या वाट्याचं हिरावून घेण्याचा प्रश्न येत नाही. बौद्ध, जैन, ख्रिश्चन मुलांनाही तेच हवं आहे.

इब्न सीना आणि इब्न अल-हैथम यांची नावं आपल्या प्रत्येक शैक्षणिक भाषणात येतात. ती खुशाल यावीत. पण मालेगावच्या मुलाला आज इब्न सीनाचं नाव पाठ असतं आणि पोस्टडॉकचा अर्ज कसा करायचा हे ठाऊक नसतं. पुढच्या सत्काराच्या स्टेजवर निदान एक खुर्ची पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षातल्या मुलीसाठी ठेवा. तिला ट्रॉफी देऊ नका. पुढच्या वर्षाचा खर्च किती येतो, एवढं विचारा.