९८१चा आग्रह

प्रात्यक्षिक परीक्षांचा हंगाम जवळ आला की प्रयोगशाळांतील मेजांवर जर्नलांचे गठ्ठे सहीसाठी रुजू होऊ लागतात, आणि साध्या लंबकाचा प्रयोग ज्या पानावर उतरवलेला असतो त्याच्या तळाशी गुरुत्वत्वरणाचे मूल्य ९८० किंवा ९८१ असेच, बहुधा एका सुरात, नोंदलेले आढळते. दोरा ज्याचा त्याने बांधला, घड्याळ ज्याचे त्याने दाबले, आणि तरीही झाडून साऱ्या वर्गाचे उत्तर एक यावे, ही किमया लंबकाची नसून खोडरबराची आहे, हे आपण सारे शिक्षक जाणतो आणि जाणूनबुजून सही करतो.

या व्यवहारातील विनोद असा की ९८१ हा आकडा आपल्या मुलखाचा नव्हेच. पृथ्वीच्या परिवलनामुळे आणि ती ध्रुवांपाशी चपटी असल्यामुळे गुरुत्वत्वरण विषुववृत्तावर सेंटिमीटर-सेकंद मानाने सुमारे ९७८.० तर ध्रुवांवर सुमारे ९८३.२ भरते, लंडनला ते ९८१.२च्या आसपास असते, मुंबईस ९७८.६च्या आसपास, आणि घाट चढून देशावर आले की उंचीमुळे आणखी किंचित उतरते. म्हणजे एखाद्या विद्यार्थ्याला पुण्यात ९७८ मिळाले आणि गुणांच्या धास्तीने त्याने त्याचे ९८१ केले, तर बरोबर उत्तर चूक करून दिल्याबद्दल त्याला आपण पूर्ण गुण बहाल करतो.

हा फरक क्षुल्लक आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने ज्यां रिशेचे स्मरण करावे. हा फ्रेंच ज्योतिर्विद १६७२ साली दक्षिण अमेरिकेतील कायेन येथे गेला असता, पॅरिसला बिनचूक चालणारे त्याचे लंबकाचे घड्याळ तेथे दिवसाकाठी सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले, आणि सेकंदाचा ठोका पुन्हा जुळवण्यासाठी लंबक ३ मिलिमीटरांहून थोडा कमी इतका आखूड करावा लागला. उष्म्याने दांडी वाढली असेल, अशी शंका पुढे निघालीच. परंतु रिशेने आपली नोंद पॅरिसच्या आकड्याशी जुळवून घेतली नाही, आणि १६८७च्या ‘प्रिन्सिपिया’त न्यूटनने पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर असल्याच्या आपल्या प्रतिपादनास जो पुरावा जोडला त्यात याच नोंदीचा समावेश होता. रिशेला सापडलेली तफावत आणि आपले विद्यार्थी खोडून टाकतात ती तफावत, दोन्ही शेकडा एक तृतीयांशाच्या घरातल्या आहेत. आपल्याकडेही त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या दफ्तरातर्फे कॅप्टन बसेव्ही याने १८६५पासून देशभर लंबक झुलवून हेच मोजले, आणि १८७१ साली लडाखच्या उंच पठारावर त्याच कामात त्याचा अंत झाला.

अर्थात शाळेच्या सामग्रीने एवढी सूक्ष्म तफावत पकडता येईल असे आमचे म्हणणे नाही, किंबहुना मुद्दा तोच आहे. १ मीटर लांबीच्या लंबकाची २० आंदोलने सुमारे ४० सेकंदांत होतात. घड्याळ दाबणाऱ्या हाताची चूक ०.२ सेकंद धरली तर आवर्तकालात शेकडा अर्धा आणि त्याचा वर्ग घेतल्यावर शेकडा एक अशी अनिश्चितता येते, म्हणजे उत्तरात दहा इकडे किंवा दहा तिकडे. अशा वाचनांवरून ९८१ असे ठाम लिहिणे ही निव्वळ मखलाशी होय. हीच आंदोलने २००पर्यंत मोजली तर वेळेकडून येणारी अनिश्चितता दशांशावर उतरते; मग लांबी मिलिमीटरच्या अंशापर्यंत मोजण्याची निकड विद्यार्थ्याला आपोआप पटते, आणि ती कोणत्याही व्याख्यानाने पटत नाही.

शिवाय चुकीचे उत्तर न खोडता राहू दिले तर ते शिक्षकाशी बोलते. मूल्य १०८०च्या पुढे गेले असेल तर विद्यार्थ्याने गोळक सोडतानाच ‘एक’ म्हटले आणि १९ आंदोलनांना २० मानले, हे वहीवरूनच ओळखावे. शेकडा एकने कमी आले तर दोऱ्याची लांबी गोळकाच्या मध्यापर्यंत न धरता माथ्यापर्यंत धरली असावी. अशा वहीत लांबी आणि आवर्तकालाचा वर्ग यांचा आलेख आरंभबिंदूतून जात नाही, मात्र त्याच्या चढावरून काढलेले मूल्य बिनधोक राहते, आणि आलेख काढण्याचे प्रयोजन विद्यार्थ्याला येथेच उमगते. गोळक २० अंशांपर्यंत ओढून सोडला असेल तर उत्तर १५ एककांनी घसरते. ५ अंशांवर ही घसरण जवळजवळ नाहीशी होते. अनुभवी प्रयोगनिर्देशक असे निदान उभ्या उभ्या करतो. पण रोग्याने लक्षणेच पुसून आणली तर त्याने तरी काय करावे?

दोष विद्यार्थ्यांचा फारसा नाही. उत्तराच्या रकान्याला गुण आणि निरीक्षणांच्या तक्त्याला नुसती सही, असा हिशेब आपणच मांडला आहे, आणि तो मोडण्यास कोणत्याही वरिष्ठांच्या हुकुमाची गरज नाही. अनिश्चिततेविना लिहिलेल्या उत्तरास निम्मेच गुण द्यावेत आणि खाडाखोड एका रेघेची, खालचा आकडा वाचता येईल अशी असावी, एवढे या सत्रापुरते तरी करून पाहावे.

आमची वाचक-शिक्षकांस विनंती आहे की आपापल्या गावच्या लंबकाची मूळ वाचने, लांबी, आंदोलनांची संख्या, आंदोलनाचा कोन आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांसह, कार्यालयाकडे धाडावीत. आली तशीच, दुरुस्ती न करता, आम्ही ती पुढील अंकांतून छापू.