मताचा हेतू कोणी वाचावा?

‘क्रॉस व्होटिंग’ हा शब्द आपल्या कानांवर पडतो तो बहुधा विधान परिषदेच्या किंवा राज्यसभेच्या निवडणुकीत, आमदारांची मते फुटली म्हणजे. अमेरिकेतील ‘क्रॉसओव्हर’ मतदान निराळे. ते सामान्य मतदार करतो. तेथे पक्षाचा उमेदवार पक्षश्रेष्ठी ठरवीत नाहीत, ‘प्रायमरी’ नामक पूर्वनिवडणुकीत मतदार ठरवतात. काही राज्यांत ही निवडणूक पक्षाकडे नोंद असलेल्यांपुरतीच असते; काही राज्यांत कोणत्याही मतदाराला कोणत्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देता येते. एका पक्षाचा मतदार दुसऱ्याच्या प्रायमरीत शिरला, की त्याच्या हेतूविषयी संशय घेतला जातो. या संशयाचा विचार साहित्याच्या अभ्यासकांनीही करावा असे आम्हांस वाटते; कारण प्रश्न अखेर हेतूच्या वाचनाचा आहे.

संशय अगदीच निराधार नाही. 2008 साली जॉन मॅकेन यांची रिपब्लिकन उमेदवारी जवळजवळ निश्चित झाल्यावर रेडिओ-निवेदक रश लिंबॉ यांनी आपल्या श्रोत्यांना डेमोक्रॅटिक प्रायमरीत हिलरी क्लिंटन यांना मत देण्याचे आवाहन केले. क्लिंटन यांच्याविषयी प्रेम म्हणून नव्हे. ओबामा आणि क्लिंटन यांची झुंज लांबावी आणि त्यात त्यांचा पक्ष थकावा म्हणून. परंतु त्या मतांपैकी डावाची किती आणि मनापासूनची किती, हे मतपेटी सांगत नाही. दोन्ही मतपत्रिकांवरील खूण सारखीच असते.

विम्सॅट आणि बिअर्डस्ली यांनी 1946 साली मांडले की, लेखकाचा हेतू हा साहित्यकृतीच्या मूल्यमापनाचा निकष म्हणून उपलब्धही नसतो आणि इष्टही नसतो. साहित्यात हे मत आम्हांला संपूर्णपणे मान्य नाही. लेखकाची पत्रे, टिपणे, मुलाखती यांतून हेतूचा काही माग लागू शकतो. गुप्त मतदानात मात्र तो माग मुद्दामच पुसलेला असतो. म्हणून तेथे तरी तो सिद्धान्त पाळावा, असे आमचे म्हणणे आहे.

मिसिसिपी राज्याचा कायदा नेमके उलट करू पाहतो. प्रायमरीत निवडल्या जाणाऱ्या उमेदवारांना पाठिंबा देण्याचा हेतू असल्याखेरीज त्या प्रायमरीत भाग घेता येणार नाही, असे तो म्हणतो. मतदाराचे अंतःकरण तपासावे कसे, याचे उत्तर कोणापाशी आहे? 2014 साली तेथील रिपब्लिकन सेनेटर थॅड कॉक्रन पहिल्या फेरीत ‘टी पार्टी’चा पाठिंबा असलेल्या क्रिस मॅकडॅनियल यांच्यामागे पडले. 24 जूनच्या दुसऱ्या फेरीपूर्वी कॉक्रन यांच्या बाजूने एरवी डेमोक्रॅट असलेल्या कृष्णवर्णीय मतदारांना साद घालण्यात आली. मतदान वाढले आणि कॉक्रन सुमारे साडेसात हजार मतांनी जिंकले. मॅकडॅनियल न्यायालयात गेले, पण तक्रार मुदतीत दाखल झाली नाही म्हणून ती फेटाळली गेली.

या मतदारांना घुसखोर म्हणावे काय? 1982 नंतर त्या राज्यातून एकही डेमोक्रॅट सेनेटवर गेला नव्हता. सेनेटर कोण होणार हे रिपब्लिकन प्रायमरीतच ठरणार होते. ज्या निवडणुकीत निर्णय होतो तेथे जाऊन, दोहोंपैकी आपल्याला अधिक सोसवेल तो निवडणे, हा आमच्या मते कपट नसून नागरिकत्वाचा अगदी साधा व्यवहार आहे.

प्रतिपक्षाचा युक्तिवाद हलका नाही. सर्व पक्षांच्या उमेदवारांची नावे एकत्र देणारी कॅलिफोर्नियाची प्रायमरी सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केली. आपला उमेदवार परक्यांनी ठरवू नये, हा पक्षाच्या संघटनस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी बहुमताच्या वतीने लिहिले. पक्ष ही संस्था आहे, आणि संस्थेला सभासद निवडण्याचा हक्क असतो, हे आम्ही नाकारीत नाही.

परंतु या युक्तिवादाला एक इतिहास आहे. टेक्ससमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने आपण खासगी संस्था आहोत असे सांगून प्रायमरी केवळ गोऱ्यांपुरती ठेवली होती. तेव्हा तेथे त्याच पक्षाचा उमेदवार हमखास निवडून येई. म्हणजे प्रायमरीबाहेर राहिलेल्याला नोव्हेंबरात मत असूनही नसल्यासारखेच. 1944 साली ‘स्मिथ विरुद्ध ऑलराइट’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मोडून काढली. आजचे बंद दार आणि तेव्हाचे दार एकच, असे आम्ही म्हणत नाही. नोंदणी बदलता येते, वर्ण बदलता येत नाही. मात्र जेथे खरा निर्णय प्रायमरीतच होतो, तेथे ‘हा आमचा घरचा प्रश्न’ हे उत्तर पुरेसे नाही, एवढे त्या निकालाने शिकवावे.

एका मतदाराने एकाच पक्षाच्या प्रायमरीत मत द्यावे, हा नियम पुरेसा आहे. डाव खेळणाराही त्यासाठी आपल्या पक्षातील मत गमावतो; ती किंमत त्याला मोजू द्यावी. त्यापलीकडे त्याच्या मनात काय होते, हे विचारण्याचा अधिकार आम्हांला कोणाचाच दिसत नाही.