ट्रिगरमागची सळई
कॅलिफोर्नियात बंदुकीचं दुकान रात्री बंद करताना शटर ओढून कुलूप ठोकलं की काम संपत नाही. बंदुका तिजोरीत किंवा पक्क्या बंदोबस्ताच्या जागी ठेवाव्या लागतात, नाहीतर ट्रिगरभोवतीच्या कडीतून पोलादी सळई ओवून जागच्या जागी जखडाव्या लागतात. साधी सळईच ती, पण अमेरिकेचा केंद्रीय कायदा तेवढीही मागत नाही! चोरी लक्षात आल्यावर ४८ तासांत कळवा, एवढंच तो सांगतो. आणि लक्षातच आली नाही तर? टॅकोमा शहरातल्या ‘बुल्स आय’ दुकानातून एक बुशमास्टर रायफल नाहीशी झाली आणि दुकानाला पत्ताच नव्हता. ऑक्टोबर २००२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनच्या परिसरातल्या हत्यासत्रात तीच वापरली गेली. दहा जण गेले. कुणी गाडीत पेट्रोल भरत होतं, कुणी गवत कापत होतं, कुणी बाकावर नुसतं बसलं होतं. मग दुकानाचं दप्तर तपासलं, तर तीन वर्षांतल्या २३८ बंदुकांचा हिशेब लागेना. आपल्याकडचा सराफ रोज रात्री अंगठी न् अंगठी मोजून ट्रे आत ठेवतो. तिथे मात्र बंदूकविक्रेत्यांवर वर्षातून एकदा साठा मोजण्याची सक्ती करायलाही संसदेने बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याला मनाई केली आहे. ही मनाई उठलीच पाहिजे, आणि सळईसुद्धा देशभर सक्तीची व्हायला हवी. ‘बुल्स आय’च्या प्रकरणात २००४ मध्ये ते दुकान आणि ती रायफल बनवणारी कंपनी यांनी मिळून पीडितांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना २५ लाख डॉलर भरपाई दिली.